दशरथ की दसरत? : जुन्या नोंदींचा शोध आणि सूचीची निवड

७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारा येथील सरकारी इंग्रजी शाळेच्या नोंदवहीत १९१४ या क्रमांकासमोर एका बालकाचे नाव लिहिले गेले : भिवा रामजी आंबेडकर. ती शाळा पुढे प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाऊ लागली आणि तो प्रवेशदिन आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. आता अशी कल्पना करावी, की ती नोंदवही कुणी संगणकात भरली आणि दुसऱ्या कुणी तीत 'भीमराव' हे नाव शोधले. संगणक तत्काळ उत्तर देईल, 'नोंद आढळली नाही.' नोंद तर आहे. शोधणाऱ्याने लिहिलेले अक्षर आणि नोंदवहीतील अक्षर यांची गाठ पडली नाही, एवढेच. भारतीय संविधानाच्या शिल्पकाराच्या बाबतीत ही गोष्ट होऊ शकते, तर आपल्या आजोबा-पणजोबांच्या नोंदींची गत काय होत असेल, याचा विचार आपण केला पाहिजे.

आम्ही इतिहासाचे अभ्यासक. साधनांची चिकित्सा हा आमच्या विषयाचा पाया. जुन्या नोंदवह्या संगणकात जाऊ लागल्या, तेव्हा ही चिकित्सा संगणकाच्या दारापर्यंत नेणे आम्हांस भाग पडले. प्रस्तुत लेखात रिलेशनल डेटाबेसमध्ये 'साधारण सारख्या' नावांचा शोध कसा घ्यावा आणि त्यासाठी कोणत्या प्रकारची सूची, म्हणजे इंडेक्स, निवडावी, याचे विवेचन करीत आहोत. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे संगणकाच्या क्षेत्रात आहेत, त्यांना यातील काही भाग परिचित असेल. तथापि पालकांनीही तो समजून घ्यावा, कारण यात पणाला लागलेली गोष्ट त्यांच्याच घरातील आहे.

नोंदीचे मोल

अनुसूचित जातीचा दावा सिद्ध करताना १० ऑगस्ट १९५० या दिनांकापूर्वीचा पुरावा महत्त्वाचा मानला जातो. राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींविषयीचा आदेश त्या दिवशीचा आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली. त्यानंतर शाळांच्या दाखल खारिज रजिस्टरात जातीच्या रकान्यात कुठे 'बौद्ध', कुठे 'नवबौद्ध', तर कुठे जुनीच नोंद येत राहिली. पुढे १९९० च्या कायद्याने बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांनाही त्या आदेशात स्थान मिळाले. आज जात वैधता प्रमाणपत्रासाठी अर्ज करणाऱ्या मुलामुलीला वडील, आजोबा, प्रसंगी पणजोबा यांच्या नोंदींची साखळी जोडावी लागते. त्यासाठी शाळेचा दाखल खारिज उतारा, विदर्भातील गावांचे कोतवाल बुक आणि जमिनीचे जुने अभिलेख चाळावे लागतात. एक दुवा सापडला नाही की वैद्यकीय वा अभियांत्रिकीचा प्रवेश अडतो, शिष्यवृत्ती थांबते, नोकरीचा आदेश लांबतो.

ही साखळी बहुधा अक्षरांत तुटते. १९५६ पूर्वी नागपूर जिल्हा आधी मध्य प्रांतात आणि नंतर मध्य प्रदेशात होता आणि तेथील कारभार हिंदी व मराठी अशा दोन्ही भाषांत चाले. लिहिणारा गुरुजी वा कारकून ज्या भाषेचा, तसे नावाचे वळण. त्यामुळे 'मेश्राम' कुठे 'मेसराम' होतो, 'खोब्रागडे' 'खोबरागडे' होतो, 'बन्सोड', 'बंसोड' आणि 'बनसोड' ही तिन्ही रूपे एकाच घराण्यात आढळतात. 'शेंडे' आणि 'सेंडे', 'गजभिये', 'गजभिए' आणि 'गजभे' यांचेही तसेच. दशरथाला गाव 'दसरत' म्हणते आणि लिहिणाराही कानाला आले तसे लिहितो. शिवाय आपल्या माणसांची नावे आदराने लिहिण्याची पद्धत त्या काळी नव्हती. पूर्ण नाव डावलून अरे-तुरेचे रूप लिहिले जाई. तेव्हा नोंदीतील अक्षरभेद हा समाजव्यवस्थेचाही पुरावा आहे. तो पुसून टाकण्याचा अधिकार संगणक चालविणाऱ्याला नाही.

मूळ नोंद आणि तुलनारूप

म्हणून पहिला नियम असा, की मूळ नोंद जशी आहे तशीच भरावी. 'दसरत' लिहिले असेल तर 'दसरत'च टंकावे. आपल्याला शुद्ध वाटणारे रूप त्या रकान्यात घालू नये, कारण उद्या समितीपुढे प्रमाणित प्रत मूळ नोंदवहीची जाणार आहे. शोधासाठी शेजारी दुसरा स्तंभ करावा. त्यास आम्ही 'तुलनारूप' म्हणतो. तो माणसाने भरायचा नसून ठरलेल्या नियमांनी डेटाबेसने स्वतः तयार करायचा असतो.

नियम साधे आहेत. जोडाक्षरातील हलन्त काढून टाकावा. अनुस्वाराच्या जागी 'न' लिहावा, मात्र त्यापुढे प-वर्गातील अक्षर असेल तर 'म' लिहावा, म्हणजे 'आंबेडकर' आणि 'आम्बेडकर' एक होतील. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद मिटवावा. श, ष, स यांना 'स' मानावे. ण आणि न, तसेच ळ आणि ल यांना एक मानावे. शब्दाच्या शेवटचे 'ये' आणि 'ए' एक मानावे. एवढे केले की बन्सोड, बंसोड, बनसोड या तिन्हींचे तुलनारूप 'बनसोड' होते, मेश्राम आणि मेसराम हे 'मेसराम' होतात, शेंडे आणि सेंडे हे 'सेनडे' होतात. यामुळे 'काळे' आणि 'काले' हेही एक होतात. शोधाच्या पायरीवर ते चालते, निर्णयाच्या पायरीवर चालत नाही.

याआधी आणखी एक सूक्ष्म गोष्ट सांभाळावी लागते. 'वऱ्हाडे' हे नाव संगणकात दोन-तीन वेगवेगळ्या चिन्हक्रमांनी लिहिता येते. डोळ्यांना ते सारखेच दिसते, संगणकाला मात्र वेगळे. म्हणून सर्व मजकूर युनिकोडच्या एका ठरीव रूपात आणावा आणि मधली अदृश्य जोडचिन्हे काढून टाकावीत. तुलनारूपाचे नियम त्यानंतर लावावेत.

सूची म्हणजे काय

दहा हजार नावांच्या रजिस्टरात एक नाव शोधण्याचे दोन मार्ग आहेत. एक, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत जाणे. दुसरा, शेवटी जोडलेली वर्णानुक्रम सूची पाहणे. ई. एफ. कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडली. तीत माहिती कोष्टकांत ठेवतात आणि सूची ही त्या कोष्टकाला जोडलेली स्वतंत्र रचना असते. सूचीमुळे शोध वेगवान होतो. त्याची किंमत म्हणजे जागा लागते आणि प्रत्येक नव्या नोंदीबरोबर सूचीही बदलावी लागते. म्हणून 'सर्वांत चांगली सूची कोणती' असे विचारून उपयोग नाही. आपण नोंदवहीला कोणता प्रश्न विचारणार आहोत, हे आधी ठरवावे. सूची त्या प्रश्नावरून ठरते. पुढील विवेचन पोस्टग्रेएसक्यूएल या विनामूल्य डेटाबेसच्या आधारे केले आहे.

पहिला प्रश्न : नेमकी नोंद

दाखल क्रमांक ठाऊक आहे, प्रवेशाचा दिनांक ठाऊक आहे. अशा शोधास बी-ट्री ही सूची पुरते. बायर आणि मॅक्क्राइट यांनी बोइंग कंपनीत काम करताना ती तयार केली आणि १९७२ मध्ये तिचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. तीत मूल्ये क्रमाने लावलेली असतात, त्यामुळे 'यासमान', 'यापेक्षा आधीचे', 'या अक्षरांनी सुरू होणारे' असे प्रश्न ती झटपट सोडविते. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे सर्व प्रवेश काढायचे असतील तर प्रवेशाच्या दिनांकावरील बी-ट्रीच योग्य. परंतु नावाच्या मधले अक्षर बदलले असेल तर क्रम बिघडतो आणि ही सूची निरुपयोगी ठरते.

दुसरा प्रश्न : उच्चार तोच, लेखन निराळे

येथे तुलनारूप कामास येते. शोधणाऱ्याने लिहिलेल्या नावाचेही तुलनारूप करावे आणि दोन्ही तुलनारूपे समान आहेत काय, एवढेच पाहावे. शोध पुन्हा 'यासमान' असा झाला. म्हणजे तुलनारूपाच्या स्तंभावर साधी बी-ट्री सूची पुरेशी आहे. मोठ्या यंत्रणेची गरज आहे असे वाटत असताना अर्धे काम जुन्या, साध्या सूचीने भागते.

या कल्पनेला शंभर वर्षांचा इतिहास आहे. अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांना १९१८ मध्ये साउंडेक्स या पद्धतीचे पेटंट मिळाले. पुढे तेथील जनगणनेच्या नोंदी शोधण्यासाठी ती वापरली गेली. तीत नावाचे पहिले अक्षर तसेच ठेवून पुढील व्यंजनांना अंक देतात आणि स्वर गाळतात. इंग्रजीत लिहिलेल्या गजभिये आणि गजभे या दोघांनाही ती 'जी २१०' हाच संकेत देते, हे उत्तम झाले. पण वासनिक हे आडनाव कुणी 'डब्ल्यू'ने लिहितो, कुणी 'व्ही'ने. पहिले अक्षर कायम ठेवल्यामुळे साउंडेक्स त्यांना 'डब्ल्यू २५२' आणि 'व्ही २५२' असे वेगळे संकेत देते आणि घराणे दुभंगते. परक्या भाषेसाठी केलेले नियम आपल्या नावांना जसेच्या तसे लावू नयेत, हा धडा येथे मिळतो. नियम आपल्या नोंदवह्या वाचून आपणच करावेत.

तिसरा प्रश्न : अक्षरच बदललेले

'दसरथ' आणि 'दसरत' यांचे तुलनारूप एक होत नाही. थ आणि त एक मानण्याचा नियम केला तर दुसरीकडे घोटाळे वाढतील. येथे ट्रायग्रॅमची पद्धत घ्यावी. नावाच्या आधी दोन आणि नंतर एक रिकामी जागा धरून त्याचे तीन-तीन चिन्हांचे तुकडे करावेत. रिकामी जागा आपण रेघेने दाखवू. 'दसरथ'चे तुकडे पाच : ––द, –दस, दसर, सरथ, रथ–. 'दसरत'चेही पाच : ––द, –दस, दसर, सरत, रत–. समान तुकडे तीन, एकूण वेगवेगळे तुकडे सात. तीन भागिले सात म्हणजे साधारण ०.४३ एवढे साम्य. याउलट 'दसरत' आणि 'भरत' यांत समान तुकडा एकच आणि एकूण आठ, म्हणून साम्य साधारण ०.१३. पोस्टग्रेएसक्यूएलच्या ट्रायग्रॅम जोडसाधनात मूळची मर्यादा ०.३ असते. पहिली जोडी तीत बसते, दुसरी गळते.

आपल्या मौद्याचेच पाहा. इंग्रजीत तालुक्याचे नाव लिहिताना 'एम'नंतर कुणी 'ए' लिहितो, तर एनटीपीसीच्या औष्णिक विद्युत केंद्राच्या नावात 'ओ' आहे. या दोन रूपांत समान तुकडे तीन आणि एकूण नऊ, म्हणजे साम्य ०.३३. एका अक्षराच्या फरकाने गावाचे नाव मर्यादेच्या काठावर येते. लहान नावांची ही अडचण ध्यानात ठेवावी. तीन अक्षरांच्या नावातील मधले अक्षर बदलले तर साम्य ०.१४ इतके खाली येते आणि नोंद निसटते. लहान नावांसाठी मर्यादा कमी ठेवावी लागते.

या तुकड्यांसाठी जिन ही सूची आहे. ओलेग बार्टुनोव्ह आणि तिओडोर सिगाएव यांनी केलेली ही सूची २००६ मध्ये पोस्टग्रेएसक्यूएलच्या ८.२ या आवृत्तीत आली. ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते आणि प्रत्येक शब्दापुढे पृष्ठांक असतात, तशीच ही. 'दसर' या तुकड्यापुढे तो ज्या ज्या नोंदींत आहे त्या सर्व नोंदींची यादी असते. शोधाच्या नावाचे तुकडे करावयाचे, याद्या काढावयाच्या, ज्या नोंदीत पुरेसे तुकडे जुळतात त्या निवडून मूळ नावाशी पुन्हा ताडून पाहावयाच्या. शोध वेगवान होतो. नवी नोंद भरताना मात्र अनेक याद्यांत भर घालावी लागते, म्हणून भरण्याचे काम तुलनेने मंद होते. आपल्या कामाला हे सोयीचे आहे, कारण १९५० पूर्वीच्या नोंदवहीत आता नवी नोंद होणार नाही. एकदा भरावे आणि वर्षानुवर्षे शोधावे, अशा संग्रहासाठी जिन निवडावी.

चौथा प्रश्न : सर्वांत जवळची दहा नावे

कधी मर्यादा किती ठेवावी हेच कळत नाही. 'या नावाशी सर्वांत जवळची दहा नावे जवळिकीच्या क्रमाने दाखव' एवढेच सांगायचे असते. हे काम जिस्ट या सूचीचे. हेलरस्टाइन, नॉटन आणि फेफर यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या या रचनेत प्रत्येक नावाच्या तुकड्यांची एक संक्षिप्त खूण ठेवतात आणि सारख्या खुणांचे गट झाडाच्या फांद्यांप्रमाणे लावतात. अंतराच्या क्रमाने उत्तरे देणे जिस्टला जमते, जिनला जमत नाही. खूण संक्षिप्त असल्यामुळे वेगळी नावेही एकत्र येतात आणि ताडून पाहण्याचे काम वाढते, म्हणून मोठ्या संग्रहात साध्या साम्यशोधाला ती बहुधा जिनपेक्षा मंद पडते. ज्या नोंदवहीत रोज भर पडते आणि नाव टंकताना जवळची नावे समोर यावीत अशी अपेक्षा असते, तेथे जिस्ट घ्यावी.

रशियन गणितज्ञ व्लादिमिर लेव्हेनश्टाइन यांनी १९६५ मध्ये मांडलेले अंतर, म्हणजे एका शब्दाचा दुसरा करण्यासाठी किती अक्षरे बदलावी लागतात ती संख्या, हेही उपयोगी आहे. दसरथ आणि दसरत यांचे अंतर एक. परंतु या मोजणीला वरील सूचींचे थेट साहाय्य मिळत नाही. आधी ट्रायग्रॅमने उमेदवार नावे निवडावीत आणि मग तेवढ्यांचेच अंतर मोजावे.

पाचवा प्रश्न : नावच निराळे

आता साताऱ्याच्या नोंदीकडे वळू. 'भिवा' आणि 'भीमराव' यांचे तुलनारूप एक होत नाही. ट्रायग्रॅमचे साम्यही मर्यादेत बसत नाही. घरचे नाव आणि कागदावरचे नाव यांचा संबंध अक्षरांत नसतो, तो माणसांच्या आठवणीत असतो. त्यासाठी कोणतीही सूची पुरी पडत नाही. त्यासाठी पर्यायी नावांचे वेगळे कोष्टक करावे लागते आणि ते आजी-आजोबांना विचारूनच भरावे लागते. कोतवाल बुकात तर अनेकदा बालकाचे नावच नसते. पित्याचे नाव, जात आणि 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढेच असते. तेथे पित्याच्या नावाने शोधावे. जन्मदिनांकावरही फार विसंबू नये. शाळेत घालताना गुरुजींनी १ जून किंवा १ जुलै लिहून दिलेली माणसे आपल्या प्रत्येक घरात आहेत.

काही व्यवहारी सूचना

एका शाळेच्या पाच-दहा हजार नोंदी असतील तर साम्यशोधासाठी सूचीची चिंता करू नये. संगणक तेवढी नावे पहिल्यापासून शेवटपर्यंत क्षणात वाचतो आणि सूची असली तरी डेटाबेस ती वापरेलच असे नाही. तालुक्याच्या, जिल्ह्याच्या लाखो नोंदी एकत्र आल्या की सूचीचे मोल कळते. डेटाबेसने कोणता मार्ग घेतला हे 'एक्स्प्लेन' या आज्ञेने पाहता येते. अंदाज बांधण्यापेक्षा ते पाहावे.

साम्यशोधासाठी साम्याचे चिन्ह वापरावे. साम्य मोजणारे फलन अटीत लिहून त्याची संख्येशी तुलना केली, तर ट्रायग्रॅमची सूची वापरली जात नाही. आडनाव आधी की नाव आधी, याची काळजी नको, कारण तुकडे शब्दागणिक होतात. मात्र पूर्ण नावाच्या स्तंभात केवळ एक नाव शोधताना शब्दसाम्याची वेगळी सोय वापरावी. गावाच्या नावावर बी-ट्री आणि व्यक्तीच्या नावावर जिन अशा दोन सूची असतील, तर डेटाबेस दोहोंची उत्तरे एकत्र करून शोध आवळू शकतो. देवनागरीबाबत एक सावधगिरी घ्यावी. डेटाबेस तयार करताना भाषेची मांडणी 'सी' अशी ठेवली तर देवनागरी अक्षरे गाळली जाण्याचा धोका असतो, आणि काही मांडणींत मात्रा वा हलन्त यांवर शब्द तुटतो. दहा नावांचे तुकडे प्रत्यक्ष काढून पाहावेत, मगच लाख नावे भरावीत.

जातीच्या रकान्याला तुलनारूपाचे नियम लावू नयेत. तेथील प्रत्येक अक्षर कायद्याच्या दृष्टीने पुरावा आहे. ही माहिती संवेदनशील आहे, म्हणून ती इंटरनेटवर खुली ठेवू नये आणि कुणी काय पाहिले याची नोंद ठेवावी.

राहिला मर्यादेचा प्रश्न. ०.३ ठेवावी की ०.२? याचे उत्तर गणितात नाही. मर्यादा खाली आणली तर लिपिकाला चाळीस नावे अधिक पाहावी लागतील आणि त्याचा अर्धा तास जाईल. मर्यादा वर नेली तर एखाद्या मुलीच्या पणजोबांची नोंद सुटेल आणि तिचे वर्ष जाईल. या दोन चुका समान नाहीत. म्हणून आमचे मत असे, की शोध उदार असावा आणि निर्णय कठोर असावा. संगणकाने शक्य ती सर्व नावे समोर ठेवावीत. त्यांतील आपले कोणते हे गाव, पिता, वर्ष आणि मूळ पान पाहून माणसाने ठरवावे. ऐकीव गोष्ट प्रमाण मानू नका, स्वतः पारखून घ्या, ही तथागतांची शिकवण येथेही लागू पडते.

माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना आमची एक विनंती आहे. आपल्या घरच्या जुन्या कागदांत आडनाव आणि नावे कोणकोणत्या रूपांत लिहिली आहेत, वडीलधाऱ्यांना गावात कोणत्या नावाने हाक मारत, हे एका कागदावर लिहून काढावे आणि त्याची एक प्रत घरात जपून ठेवावी. ज्यांनी ती नावे कानांनी ऐकली, ती पिढी आता वयोवृद्ध झाली आहे. सूची केव्हाही करता येईल, ही माहिती मात्र त्यांच्याकडूनच आणि आताच मिळू शकते.

जयभीम!